रडणं दाखवणारा दिवा

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी 'इंटरनेटचं' एवढंच सांगते. मग समोरचा माणूस लगेच आपल्या घरातलं इंटरनेट किती हळू चालतं ते सांगायला लागतो आणि माझं सांगणं तिथंच राहतं. त्यामुळे या अंकासाठी लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. मध्ये न बोलता कुणीतरी ऐकून घेणार होतं.

मी पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पिरंगुटला राहते. लग्नानंतर इथल्याच एका कारखान्यात सर्किटांना सोल्डरचे डाग द्यायचं काम केलं. तो बंद पडल्यावर एका केबलवाल्याकडे लागले. केबलवाल्याचा पुढे इंटरनेटवाला झाला आणि त्याच्याबरोबर मीही झाले. वायर खांबावरून ओढत आणणारी माणसं वेगळी. ती भिंतीतून घरात आली की पुढचं सगळं माझं. मुळशीत या कामाला बाई येते याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. दार उघडणारा माझ्या मागं डोकावून बघायचा, खरा माणूस जिन्यातच राहिला की काय म्हणून. आता सवय झाली आहे. मला बघून चहा टाकतात आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत कुणी अडवत नाही. राउटर बहुतेक घरांत फ्रिजच्या मागं नाहीतर देवघराच्या वर बसवलेला असतो, तेव्हा ही मोठीच सोय झाली.

तक्रारी नाना तऱ्हेच्या येतात. कुठं उंदरानं वायर कुरतडलेली असते, कुठं केर काढताना प्लग निघालेला असतो, कोळवणकडच्या एखाद्या फार्महाउसवर वानरं वायरीला लोंबकळून गेलेली असतात. पण माझा जीव एकाच जातीच्या बिघाडावर आहे. त्यात ग्राहक म्हणतो, "सगळं चालू आहे हो, पण चालत नाही." दिवे हिरवे असतात, वायर धड असते, बिल भरलेलं असतं, आणि तरी टीव्ही मध्येच थिजतो किंवा कॅमेरा आंधळा होतो. असं कुणी सांगितलं की मला बहुतेक वेळा बसल्या जागी कळतं: या घरात दोन वस्तूंना एकच पत्ता मिळालाय.

हे जरा समजावून सांगते. घरातला राउटर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक नंबर देतो. मोबाइल असो, टीव्ही असो, कॅमेरा असो. त्या नंबरावर तिचं टपाल पोचतं. एसटीत कंडक्टर रिकाम्या जागा बघून प्रवाशांना बसवतो तसंच हे. आता समजा, कुणी बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि कंडक्टरला तो रुमाल दिसला नाही. त्यानं तीच जागा दुसऱ्याला दिली. घरात रुमाल टाकणारी वस्तू म्हणजे जिला कुणीतरी हातानं कायमचा नंबर लावून ठेवलाय ती. राउटरला त्याचा पत्ताच नसतो. एसटीत निदान भांडण होतं, चार लोकांना कळतं. इथं दोघं मुकाट एकमेकांच्या मांडीवर बसतात आणि दोघांचाही प्रवास होत नाही.

या बिघाडानं मला मजेशीर माणसं दाखवली. पिरंगुटच्या बाजारात एकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना नऊ आकडा लाभतो. गाडीचा नंबर नऊ, मोबाइलची बेरीज नऊ. त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंनाही पत्ते तसेच लावून घेतले होते: टीव्हीला अठरा, कॅमेऱ्याला सत्तावीस, प्रिंटरला छत्तीस. पाहुणे आले, त्यांचे मोबाइल जोडले गेले, की राउटर तेच नंबर पाहुण्यांना वाटायचा आणि लाभलेल्या सगळ्या वस्तू एकेक करून बंद पडायच्या.

"पाहुण्यांची नजर लागते," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "शेठ, नजर नाही, नंबर लागतोय. मी राउटरला सांगते, शंभरच्या खालचे नंबर कुणाला द्यायचे नाहीत. ते सगळे तुमचे."

"नव्व्याण्णवसुद्धा?"

"नव्व्याण्णवसुद्धा."

ते इतके खूश झाले की मला स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच भेट मिळाला. तो अजून माझ्या पिशवीत आहे.

पण मला खरं सांगायचंय ते मारुंजीच्या मनीषाबद्दल. नाव बदललं आहे, आणि हे दुसरं नाव तिनंच सुचवलं. मी लिहिलेलं सगळं तिला आधी वाचायला पाठवलं होतं.

तिची तक्रार आमच्याकडे येऊन दोन-तीनदा बंद झाली होती. शेरा दर वेळी एकच: ग्राहक फोन उचलत नाही. आमच्याकडे रीत अशी की घरी जाण्याआधी फोन करायचा आणि तो उचलला नाही तर तक्रार बंद करायची. एका सकाळी जुन्या तक्रारी चाळताना मी तिचा मूळ मजकूर उघडला. "मला आणि माझ्या पतींना ऐकू येत नाही. कृपया फोन करू नका, मेसेज करा. बाळाचं यंत्र मधूनच बंद पडतं. निकड आहे." ज्या बाईनं फोन करू नका म्हणून लिहिलं तिला पुन्हा पुन्हा फोनच गेले होते. मी तिला मेसेज टाकला, "आता येऊ का?" लगेच उत्तर आलं, "हो. पण आल्यावर थोडं थांबाल का?" थांबायचं कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

मारुंजीत आता भाताचं खाचर शोधावं लागतं. जिथं खाचरं होती तिथं भाड्याच्या इमारती आहेत आणि खाली टेम्पो, बाइक आणि पाण्याचे टँकर. मनीषा तशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मी बेल दाबली. आत आवाज झाला नाही, पण दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड दोनदा लुकलुकला आणि दार उघडलं.

तिशीच्या आतली, उंच, डोळे विलक्षण जागे. तिनं मला पाणी दिलं आणि आम्ही दोघी सतरंजीवर शेजारी शेजारी बसलो. ती तिच्या मोबाइलवर लिहून मला दाखवायची, मी माझ्यावर लिहून तिला. पुण्यातल्या मूकबधिरांच्या शाळेत शिकलेली, घरून एका कंपनीचं डेटा भरायचं काम करते, नवरा सागर पिरंगुटच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासतो, त्यालाही ऐकू येत नाही, बाळ सात महिन्यांचं आहे, मुलगी आहे. हे सगळं तिनं इतक्या भराभर लिहिलं की माझी बोटं मला जाडी वाटायला लागली.

ते घर बघत राहावं असं होतं. ओट्याच्या वर, जिथं बाकीच्या घरांत मसाल्यांचे डबे असतात तिथं, एक लांबट आरसा होता. पाठमोरी उभी राहूनही तिला दारातून कोण आलं ते दिसायचं. बेल वाजली की पिवळा दिवा. कुकरच्या शिट्टीसाठी तिनं झाकणाला एक लाल कापडाची चिंधी बांधली होती; वाफेनं ती फडफडली की शिट्टी. आणि आतल्या खोलीत पाळण्याजवळ साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. बाळ रडलं की ते ओळखायचं आणि वायफायवरून स्वयंपाकघरातल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या दिव्याला कळवायचं. ते दिवे लाल व्हायचे आणि मनीषाच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा. त्या यंत्राला त्या घरात नाव होतं 'कान'. ते नाव उच्चारलं जात नसे, कानाच्या पाळीला बोट लावून दाखवलं जाई.

"कान कित्येक दिवस छान चालतो," तिनं लिहिलं. "मग बंद. मग आपोआप सुरू."

"कधी बंद पडतो?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि लिहिलं, "आई आली की."

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. माझ्या मोबाइलमध्ये माझ्या नातवाच्या रडण्याचा एक व्हिडिओ आहे, पहिल्या आंघोळीचा. बाळ आजीबरोबर भाजी आणायला बाहेर गेलं होतं, म्हणून मी तो पाळण्यापाशी धरून लावला. दोन्ही दिवे लगेच लाल झाले. पुन्हा लावला, पुन्हा लाल. प्रत्येक कारागिराला हा अनुभव येतो: आपण समोर गेलो की बिघाड साळसूद होऊन बसतो. यंत्र चांगलं आहे असं लिहून निघावं का, असा विचार माझ्या मनात आला.

मनीषानं माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं. तिनं हातानं खूण केली, थांबा. मग मोबाइलवर एक ओळ लिहून माझ्यापुढे धरली: "आई मुद्दाम बंद करत असेल का?" मी वर बघेपर्यंत तिनं एकेक अक्षर पुसून टाकलं होतं. ती ओळ मी या लेखात घालणार नव्हते. मनीषा म्हणाली, घाला.

मग तिनं सगळं सांगितलं. तिची आई, हौसाबाई, कोळवणला असते. भातशेती, दोन गाई. बाळ झाल्यापासून ती अधूनमधून येऊन चार-चार दिवस राहते. आणि ती आली की कान बंद. तिनं आजवर तो दिवा पेटलेला एकदाही पाहिला नव्हता. परवा बाळ आत रडत होतं, मनीषा ओट्याशी भाकरी करत होती, आणि दिवा लागला नाही. आईनं ठरवून टाकलं होतं: उद्या सकाळी बाळाला कोळवणला न्यायचं, चालायला लागेपर्यंत तिथंच ठेवायचं. बाटलीच्या दुधाची सवय लावायला सुरुवातही झाली होती. ओट्यावर नवी कोरी बाटली उलटी घालून ठेवलेली मला दिसत होती.

"तुमचे मिस्टर काय म्हणतात?" मी लिहिलं.

"सागर म्हणतो, आईला जे दिसलं ते खरंच आहे. मग आपण काय सांगायचं?" एवढं लिहून तिनं मोबाइल पालथा ठेवला.

थोड्या वेळानं हौसाबाई आल्या. एका काखेत नात, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारी घट्ट नेसलेल्या. माझ्या हातातली आयुधं बघून त्यांनी मेथी खाली ठेवली.

"दिवेवाल्या का तुमी? बरं झालं आलासा. काढून न्या त्यो. त्याच्या भरवशावर ऱ्हायली तर पोर हातची जायची एक दिस."

"काय झालं मावशी?"

"म्या सोता बगितलं की. पोर आत रडून रडून लाल झाली, आन ही हितं भाकरी थापतीया. म्या मुद्दाम उठले न्हाई. म्हनलं बगू तरी, पेटतोय का त्यो दिवा. न्हाई पेटला. शेवटी माज्याच्यानं बगवंना, तवा उठले." त्यांनी नातीला पाळण्यात ठेवलं, ती पेंगुळलेलीच होती. "माजी लेक लई हुशार हाय, ताई. शाळंत पयली यायची. पर ऐकू येत न्हाई ते न्हाईच की. तिचा काय दोस? मंग पोरीचा तरी काय दोस?"

मला आधी वाटलं होतं, लेकीला कमी लेखणारी आई असेल. तसं काही नव्हतं. त्या बाईला भीती वाटत होती, आणि ती भीती तिनं डोळ्यांनी खरी झालेली पाहिली होती.

बाळ झोपल्यावर मी कान उचलून बाहेरच्या खोलीत आणला आणि नातवाचं रडणं हळू आवाजात लावलं. दिवे काळे. पुन्हा लावलं. काहीच नाही. कानावरचा बारीक हिरवा ठिपका मात्र सुखानं लुकलुकत होता, म्हणजे सगळं चालू आहे पण चालत नाही.

"बगा," हौसाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात आनंद झाला नव्हता.

मनीषा माझ्याकडे बघत होती. मला आता कळलं की तिनं थांबायला का सांगितलं होतं. तिला बिघाड दुरुस्त करून घ्यायचाच होता, पण त्याआधी तो कुणालातरी दाखवायचा होता. इतके दिवस ती एकटी बघत होती, जुळवत होती, आणि जे जुळत होतं त्याचा अर्थ लावायला घाबरत होती.

मी स्वतःला विचारलं, मघाच्या आणि आताच्या घरात फरक काय? एक बाई, एक मेथीची पिशवी, एक बाळ. मी राउटरची यादी उघडली. कोणकोण जोडलंय आणि कुणाला कोणता नंबर दिलाय ते तिथं दिसतं. मघाशी नसलेला एक मोबाइल आत आला होता. त्याचा नंबर आणि कानात हातानं भरलेला नंबर, दोन्ही एकच होते.

"मावशी, तुमचा मोबाइल कुठाय?"

हौसाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. जावयानं घेऊन दिलेला, नातीला बघता यावं म्हणून. पहिल्यांदा आल्या तेव्हाच सागरनं तो घरच्या वायफायला जोडून दिला होता. राउटरची आठवण फार चांगली असते. एकदा दिलेला नंबर तो त्या मोबाइलसाठी जपून ठेवतो. त्या दर वेळी जिना चढून आल्या की तोच नंबर त्यांना मिळायचा आणि कान बहिरा व्हायचा. कोळवणला परत गेल्या की कान पूर्ववत.

मी त्यांच्या मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि जरा थांबून पुन्हा रडणं लावलं. दोन्ही दिवे लाल झाले. मनीषाच्या मनगटावरचा पट्टा थरथरला आणि तिनं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. मी वायफाय चालू केलं. दिवे गेले. बंद केलं. आले.

हौसाबाई माझ्या हाताकडे, मग दिव्याकडे, मग पुन्हा हाताकडे बघत होत्या.

"म्हंजी माज्याच फोननं?"

"फोनचा दोष नाही मावशी, आणि तुमचा तर नाहीच. एका जागेवर दोघांना बसवलं गेलं."

"म्या हितं नसते तवा पेटतो?"

"दर वेळी पेटतो."

त्यांनी तो मोबाइल उचलून दाराबाहेर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला. भिंतीतून वायफाय जातं हे त्यांना सांगायच्या आधीच मनीषा उठली, बाहेर गेली, मोबाइल आत घेऊन आली आणि आईच्या हातात परत दिला. मग तिनं आईचे दोन्ही हात मोबाइलसकट आपल्या हातांत धरून ठेवले. हौसाबाईंना वाटलं, लेक समजूत घालतेय. ती माफी मागत होती. पुसलेली ओळ मला माहीत होती, त्यांना नव्हती, आणि त्या दिवशी मी ती माझ्यापाशीच ठेवली.

दुरुस्ती सांगण्यासारखी मोठी नव्हतीच. हातानं लावलेला नंबर काढून टाकला आणि राउटरलाच बजावलं की हा नंबर फक्त कानाचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. हौसाबाईंच्या मोबाइलला दुसरा नंबर मिळाला आणि कान पुन्हा पाळण्यापाशी गेला. या कामाचं एक वाईट आहे: ते नीट झालं की त्या घरी पुन्हा जायचं कारण उरत नाही. किती घरांत मी असं शिरले आणि पुढं त्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

तेवढ्यात सागरचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसला होता, मागं ताटांची रांग दिसत होती. मनीषाचे हात भराभर चालले. मला एक अक्षर कळलं नाही, पण गोष्ट मात्र सगळी कळली: कानाची पाळी, मोबाइल, आई, एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी, मग त्या वेगळ्या. सागरनं कपाळाला हात लावला. नंबर त्यानंच लावला होता. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं, की नंबर पक्का केला म्हणजे यंत्र भरकटत नाही. मी मनीषाला लिहून दिलं, त्यांना सांगा, विचार बरोबर होता, फक्त राउटरला कळवायचं राहिलं. तिनं ते हातानं सांगितलं. सागरनं कॅमेऱ्यापुढे मला नमस्कार केला आणि मग बायकोकडे बघून दोन्ही कान पकडले.

मी निघायला हवं होतं. पण हौसाबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या फोनातलं पोरगं रडल्यावर पेटतो त्यो. माजी पोर रडल्यावर पेटतो का, ते मला बगायचंय." हे रास्त होतं. मग आम्ही बाळ उठायची वाट बघत बसलो. हौसाबाईंनी मेथी निवडायला घेतली, मीही हात लावला. मनीषा ओट्याशी कणीक मळायला गेली. आरशात आम्ही दिसणार नाही अशी ती मुद्दाम कडेला सरकून उभी राहिली असावी.

बाळानं आधी नुसतं कुरकुर केलं. दिवा पेटला नाही. हौसाबाईंचे हात मेथीत थांबले. मग रडणं सुरू झालं, खरंखुरं, भुकेचं. त्या अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी जमिनीला टेकवून धरले होते, उठायचं नाही म्हणून. तो क्षण फार लहान होता, पण मला तो लांबच लांब वाटला. माझं काम मी चोख केलं होतं. तरी निवडून झालेली जुडी मी पुन्हा निवडायला घेतली.

दिवा लाल झाला. मनीषा कणकेच्या हातांनीच वळली, आमच्याकडे न बघता आत गेली आणि बाळाला उचललं. रडणं थांबलं. आम्हीही आत जाऊन पाळण्यापाशी बसलो. कणकेचा एक पांढरा ठसा बाळाच्या झबल्यावर उमटला होता.

हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मी त्यांच्याकडून कौतुक ऐकायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "बरं, पेटला. पर लाइट गेली तर?"

प्रश्न बिनतोड होता. मुळशीत लाइट जाते. राउटरला बॅटरी लावता येते, ती मी पुढं लावूनही दिली, पण तीही केव्हातरी संपते. मी काही बोलायच्या आत हौसाबाईंनी लेकीकडे बघून हाताचा पंजा उघडला आणि मिटला. त्यांच्या घरातली ती लाइट गेल्याची खूण. मनीषा शाळेत शिकली ती खुणांची भाषा आईला येत नाही; दोघींच्या घरगुती खुणा वेगळ्याच आहेत.

मनीषानं बाळाला आईच्या मांडीवर दिलं. पाळण्याची झोका द्यायची दोरी घेतली, तिचं टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळलं आणि पाळण्याशेजारी आडवी होऊन डोळे मिटले. मग उजव्या हातानं तिनं पाळणा जरासा हलवला, आत बाळानं लाथ मारली असती तर हलला असता तेवढा. दोरी ताणली गेली, मनगट ओढलं गेलं. तिनं डोळे उघडले. लाइट गेल्यावर ती कशी झोपते ते दाखवत होती.

तिथंच ती थांबली नाही. तिनं आईकडे बोट केलं. मग जमिनीपासून हातभर उंचीवर हात धरला, एवढंसं मूल असतं तेवढा. मग तीच दोरी स्वतःच्या पायाच्या घोट्याला लावून दुसरं टोक आईच्या मनगटाला टेकवलं, दोनदा हळूच ओढलं आणि तळहात छातीवर ठेवला.

हौसाबाई मनगटाकडे बघत राहिल्या. बाळ त्यांची माळ ओढत होतं, त्याचंही भान त्यांना नव्हतं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

त्यांनी दोरीचं टोक मुठीत धरलं. "ही लहान असताना लावणीला शेतात न्यायचे हिला. बांदावर पाटीत बसवायचे. दुसऱ्या बायकांची पोरं रडली की त्या लांबनंच म्हनायच्या, आले गं, आले. हिला कसं कळायचं? म्हनून पायाला दोरी बांदायचे, न् दुसरं टोक माज्या हाताला. तिनं वढली की म्या बगायचे. न् म्या दोनदा वढली की तिला कळायचं, आई हाय." त्यांनी टोक सोडून दिलं. "म्या कुणाला सांगितलं न्हाई ह्ये कदी. गुरागत बांदती पोरीला, असं म्हनलं असतं लोकांनी. मला वाटलं, तिला काय आठवतंय. एवढीशी तर हुती."

मनीषाला शब्द ऐकू आले नव्हते, पण आई काय सांगतेय ते तिला कळत होतं. ती आईकडे बघून हसत होती.

हौसाबाईंनी नातीला लेकीच्या मांडीवर परत दिलं. उठून ओट्यावरची बाटली उचलली, फडक्यानं कोरडी केली आणि सगळ्यात वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशी मागं सारून ठेवली. मग मला म्हणाल्या, "ताई, तुमी पिरंगुटाला जानार न्हवं? मला ष्ट्यांडावर सोडा. उद्यापरत कशाला ऱ्हाऊ, घरी गाई हायेत."

त्यांना स्कूटरवर मागं बसवून मी निघाले. वाटेत त्या पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. पिरंगुटला कोळवणची गाडी लागायला वेळ होता म्हणून मी थांबले. रस्त्यावर कारखान्यांच्या पाळ्या सुटत होत्या, माणसांची दाटी होती. एकदम त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"ताई, तसला एक दिवा माज्या घरी कोळवनला बसवता येईल का? पोर हितं रडली की तितं पेटंल असा?"

मी विचार केला. तिथं लाइन जरा कमजोर आहे, पण अशक्य काही नव्हतं. "येईल," मी म्हटलं. "पण मावशी, तुम्ही एवढ्या लांब. तो पेटला तर तिथं बसून तुम्ही करणार काय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "कळंल तरी."

गाडी वळून आत येत होती. त्यांनी पिशवी उचलली आणि गर्दीतून पुढं झाल्या.